लाजाळू गणकयंत्र

नरसिंगच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं अच्युतराव स्वतःला सांगत असत. ते काही खरं नव्हतं. राहून जायला आठवडा लागतो, फार तर पंधरवडा. शहाऐंशीच्या जुलैत आलेलं पत्र सत्त्याऐंशीच्या मार्चपर्यंत नुसतं राहून जात नाही. त्यासाठी माणसाला रोज नेटानं उत्तर न लिहिण्याचं काम करावं लागतं, आणि ते काम अच्युतराव एकही दिवस न चुकवता करत आले होते.

सकाळचा चहा झाला की ते शब्दकोश उघडत. त्यात 'प'च्या पानांमध्ये पत्र ठेवलेलं असे. ते वाचून झालं की एका कोऱ्या कागदावर 'चि. नरसिंग यास अनेक उत्तम आशीर्वाद' एवढं सुवाच्य अक्षरात लिहीत. आशीर्वाद देऊन झाल्यावर पुढं काय द्यावं ते सुचत नसे. मग तो कागद चौपदरी होऊन मेजाच्या हलणाऱ्या पायाखाली जाई. मार्चपर्यंत ते मेज उलट्या बाजूनं हलायला लागलं होतं.

नरसिंग हा भालकीजवळच्या मेहकर गावच्या तात्यारावांचा मुलगा. इथल्याच, भालकीच्या हायस्कुलात तो अच्युतरावांच्या हाताखाली दोन वर्षं होता आणि पुढं इंजिनिअर होऊन बंगलोरला एका कंपनीत लागला होता. पत्र त्यानं मुद्दाम मराठीत लिहिलं होतं. पण बारा वर्षं तिकडं काढल्यामुळं जिथं मराठी शब्द अडला तिथं सरळ कानडी शब्द घातला होता. कॉम्प्युटरला त्यानं 'गणकयंत्र' म्हटलं होतं. कानडीत तसंच म्हणतात.

"सर," त्यानं लिहिलं होतं, "इथं आम्ही एक छोटं गणकयंत्र तयार करतो आहोत. एका माणसानं एकट्यानं समोर घेऊन बसायचं. बाकीची यंत्रं माणसाला नुसती खेळवत ठेवतात. मला असं यंत्र हवंय की ज्याच्यासमोर बसलं की मन भटकणार नाही, माणूस खोल विचार करील आणि त्याला शहाणपण सुचेल. हे कसं साधायचं, ते मी एकाच माणसाला विचारू शकतो. तुम्ही भूमिती शिकवताना फळ्यावर त्रिकोण काढायचात, प्रश्न विचारायचात आणि चार चार मिनिटं गप्प उभे राहायचात. आम्हाला पुस्तकं मिटायला लावायचात. कुणी उत्तर दिलं तर 'बरोबर' असं कधी म्हणाला नाहीत. 'बरोबर आहे का?' असं आम्हालाच विचारायचात. सर, मी त्या चार मिनिटांत इंजिनिअर झालो. ही पद्धत तुम्ही कुठून आणलीत? ती यंत्रात कशी बसवू?"

कुठून आणलीत? ते अच्युतरावांना पक्कं ठाऊक होतं. ती भीतीतून आली होती. अच्युतरावांना भूमिती येत नव्हती.

ते मराठीचे शिक्षक. एकोणसत्तर साली गणिताचे शिक्षक औरादला बदलून गेले आणि मराठी माध्यमाच्या वर्गाची भूमिती मुख्याध्यापकांनी 'तात्पुरती' अच्युतरावांच्या गळ्यात घातली. ते तात्पुरतं दोन वर्षं चाललं. त्यांना दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गुलबर्ग्याला पाठवलं होतं खरं, पण तिथं अच्युतराव चुकीच्या खोलीत शिरले. ती तुरीवरच्या रोगांची शेतकी शिकवणी निघाली. भर वर्गातून उठून जाणं त्यांना जमेना, सगळे बघतील. दुसऱ्या दिवशी जाऊ नये, तर हजेरीपटावर नाव चढलेलं. दहाव्या दिवशी ते तुरीवरच्या रोगांचं प्रमाणपत्र घेऊन भालकीला परत आले. त्रिकोणाबद्दल जाताना जेवढं ठाऊक होतं तेवढंच येताना होतं.

मग वर्गात काय करणार? "हे दोन कोन सारखे का?" असं विचारायचं, आणि कुणीतरी सांगेल या आशेवर खिडकीबाहेर बघत उभं राहायचं. पुस्तकं मिटायला लावायची, कारण उत्तरं पुस्तकाच्या शेवटी असत, आणि मेजाआड धरलेलं एकच पुस्तक उघडं राहिलेलं बरं. "बरोबर आहे का?" हे ते परीक्षा घ्यायला विचारत नसत. त्यांना खरंच माहिती हवी असे.

आता हे कसं लिहायचं? एकतीस वर्षांच्या नोकरीत अच्युतरावांचं कौतुक एकदाच झालं होतं, निरोपसमारंभात, आणि त्यातही मुख्याध्यापक शेवटपर्यंत त्यांना 'अनंतराव' म्हणत होते. त्यानंतर हे पत्र. खरं लिहावं तर हे एकुलतं एक कौतुक हातचं जाणार. खोटं लिहावं तर नरसिंग त्या खोट्यावर यंत्र बांधणार. म्हणून अच्युतराव आशीर्वादाशी थांबत होते.

फाल्गुनात कुसुमताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पुस्तकांचं कपाट झाडायला काढलं. शब्दकोश आपटला तसं पत्र खाली पडलं. त्यांनी ते आधी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

"अहो, तुम्ही यंत्रं करता?"

"कसली यंत्रं?"

"हे काय लिहिलंय मग!"

कुसुमताईंचे वडील पंचांग सांगत. त्यांच्या माहेरी गणक म्हणजे ज्योतिषी आणि यंत्र म्हणजे त्रिकोण-चौकोन कोरलेला तांब्याचा पत्रा, जो देव्हाऱ्यात ठेवतात नाहीतर गळ्यात बांधतात. आणि इथं तर सगळं लख्ख लिहिलेलं होतं: समोर घेऊन एकट्यानं बसायचं, बसलं की मन भटकत नाही, शहाणपण सुचतं. शिवाय त्रिकोण होतेच.

"छत्तीस वर्षं संसार केला, पण मला एका शब्दानं बोलला नाहीत," कुसुमताई म्हणाल्या. "बंगलोरचे इंजिनिअर विचारायला लागले, तेव्हा मला कळायचं!"

"अगं, गणकयंत्र म्हणजे कॉम्प्युटर."

"ते बंगलोरात असेल."

"तसं नव्हे" म्हणायला अच्युतरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं की बायको आपल्याकडं आदरानं बघते आहे. हे त्यांनी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. तोंड उघडलं होतं तसंच मिटलं.

संध्याकाळपर्यंत बातमी भिंतीवरून शेजारच्या सुशीलाबाईंकडं गेली. उदगीरची बस तरी मध्ये दोन-चार ठिकाणी थांबते. सुशीलाबाईंकडं गेलेली बातमी कुठंच थांबत नसे. मात्र या खेपेला त्यांनी आधी स्वतःचा नंबर लावला.

"भाऊजी, मला एक यंत्र द्या," त्या दुसऱ्या दिवशी दुपारी आत येऊन बसत म्हणाल्या. "जपाला बसते, पण ध्यान लागत न्हाई. माळ ओढता ओढता स्टँडवरच्या गाड्यांचे आवाज ऐकत बसते. ही बीदरची गेली, ही लातूरची गेली. परवा एकशे आठ झाले म्हणून उठले, तर त्यातल्या चाळीस बशी होत्या."

अच्युतरावांकडं यंत्र नव्हतं, आणि नाही म्हणायचं धाडसही नव्हतं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. घड्याळ टिकटिकत राहिलं.

"सगळ्या मोजत न्हाई तशा," सुशीलाबाई थोड्या वेळानं म्हणाल्या. "उदगीरच्या तेवढ्या मोजते."

अच्युतरावांची नजर खिडकीबाहेरच राहिली.

"उदगीरला आमची शकू असते. दिवाळीपासून गेले न्हाई तिच्याकडं. जावई काहीतरी बोलले होते. काय बोलले ते पण आता आठवत न्हाई बघा."

अच्युतराव खिडकीला आणखी चिकटले. जावयांचं प्रकरण आता आपल्याला विचारतात की काय?

"म्हणजे मला यंत्र नको. मला बस पाहिजे!" सुशीलाबाई म्हणाल्या.

"बरोबर आहे का?" अच्युतरावांनी घाबरून विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"बरोबर न्हाई तर काय!" सुशीलाबाई उठल्या आणि तीनच्या गाडीनं उदगीरला गेल्या. पाच दिवसांनी परत आल्या त्या फुलून, आणि मग बातमीनं वेग घेतला. सर यंत्र हातात देत न्हाईत. नुसते बसतेत, अन् गुण येतो.

दुसरा आला तो स्टँडवरचा हॉटेलवाला माणिकप्पा.

"सर, दूध उतू जायलंय," तो म्हणाला. "रोज जायलंय. रेडिओ ऐकत ऐकत ध्यानच राहत न्हाई. पातेल्याला बांधायचं एखादं यंत्र द्या."

अच्युतराव खिडकीकडं वळले.

"पातेल्याला न्हाई का? मग चुलीला?" माणिकप्पानं वाट पाहिली. "म्हशीला तर बांधायचं न्हाई ना? ती तिकडं मळ्यात हाय." पुन्हा वाट पाहिली. त्याचा आवाज बारीक झाला. "मलाच बांधावं लागतंय व्हय?" मग बराच वेळ तो जमिनीकडं बघत राहिला. "सर, तुम्ही रेडिओ बंद कर म्हणालायत."

अच्युतराव एक अक्षर बोलले नव्हते. "बरोबर आहे का?"

"बरोबर हाय. पण लई अवघड सांगितलात, सर. याच्यापेक्षा पत्रा दिला असता तर बरं झालं असतं."

साखर कारखान्यातला गुरप्पा हा तिसरा. तो अडीच तास बसला, काहीच बोलला नाही, आणि "लई हलकं वाटलं" म्हणून निघून गेला. त्या दिवशी कोण कुणाला यंत्र देत होतं ते अच्युतरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. कुसुमताईंनी ओसरीवर सतरंजी अंथरली, एक बाक शेजारून मागून आणला, आणि येणाऱ्याला ताक द्यायला सुरुवात केली. अच्युतराव रोज सकाळी ठरवत की आज सर्वांना खरं सांगायचं. रोज ओसरीवरची माणसं बघितली की त्यांना गुलबर्ग्याचा वर्ग आठवे. इतक्या जणांच्या देखत उठून जायचं कसं?

चोवीस मार्चला मंगळवारी दुपारी गुरुपादय्या पोस्टकार्ड घेऊन आले. गुरुपादय्या निवृत्त पोस्टमास्तर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते रोज पोस्टात जात आणि मित्रांची पत्रं स्वतः आणून देत. देण्याआधी वाचत.

"पोस्टकार्ड वाचायचंच असतंय," ते म्हणत. "नाहीतर त्यानं पाकीट घेतलं असतं की."

आजही त्यांनी ते ओसरीवरच्या दहाअकरा माणसांसमोर खणखणीत आवाजात वाचलं.

"'सर, सोमवारी तीस तारखेला बैठक आहे. दोन नमुने ठेवणार. दुसऱ्या नमुन्यात प्रत्येक बटणाला टिंग वाजतं आणि अर्ध्या अर्ध्या तासानं पडद्यावर पोपट येऊन नाचतो. साहेबांना पोपट फार आवडला आहे. माझ्या नमुन्याचा कागद अजून कोरा आहे. तुमच्या चार ओळी आल्या तर तो उभा राहील. नाही आल्या तर पोपट. आपला, नरसिंग.'" गुरुपादय्यांनी चष्मा काढला. "यप्पा! अच्युतराव, पहिलं पत्र मीच आणलो होतो. आठ महिने झाले. तुम्ही उत्तर टाकला नाही?"

"लिहायला घेतलंय," अच्युतराव पुटपुटले.

"आज चारच्या डाकेला पडलं तर शनिवारी पावतंय. उद्या पडलं तर सोमवारी, बैठक संपल्यावर. मग पोपट."

"पोपट कामून वाईट?" माणिकप्पानं विचारलं. त्याला कल्पना आवडलेली दिसली. पण लगेच त्याला उतू गेलेलं दूध आठवलं असावं. "हां हां. वाईटच."

एवढ्यात फाटकातून तात्याराव आले. मेहकरच्या बसमधून उतरून थेट आलेले, धोतर धुळीनं माखलेलं, हातात छत्री. नरसिंगचा चेहरा यांचाच होता, फक्त यांच्या चेहऱ्यावर मिशा होत्या.

"जय भीम, ताई," त्यांनी दारातल्या कुसुमताईंना म्हटलं. "सर हाईत न्हवं? अन् ही एवढी गर्दी कामून?"

"यंत्र घ्यायला आलाव," माणिकप्पा सरकून जागा करत म्हणाला. "बसा, तात्या. तुमचा नंबर गुरप्पाच्या मागं."

"कसलं यंत्र?"

"ध्यानाचं. सर देतेत."

तात्यारावांनी छत्री जमिनीवर टेकली. "सर," ते म्हणाले, "आमच्या बापानं घरातले सगळे ताईत, गंडेदोरे एका फडक्यात बांधून ओढ्यात सोडले. मी ह्या डोळ्यानं बघितलंय. त्या दिवसापासून आमच्या घरात मनगटाला घड्याळ सोडून काही बांधलेलं न्हाई. अन् माझ्या पोराला ज्यानं शिकवलं तो माणूस पत्रे वाटायलाय?"

अच्युतराव खिडकीकडं वळले, पण ओसरीवर खिडकी पाठीमागं येत होती, तेव्हा ते कण्हेरीच्या झाडाकडं बघायला लागले.

ओसरीवर कुजबुज झाली. "सुरू झालं बघा," सुशीलाबाईंनी शेजारणीला कोपरानं ढोसलं. सगळे तात्यारावांकडं डोळे लावून बसले. आता यांना काहीतरी सुचणार.

"माझ्यासमोर गप बसू नका!" तात्याराव कडाडले. "आठ महिने गप बसलात तेवढं बास झालं. पोरगं तुमच्या गप बसण्याला भुललं. मी भुलत न्हाई. दर पत्रात इचारतंय, सर बरे हाईत का, सर रागावले का, माझं काही चुकलं का. मी काय लिहू त्याला? सर तुझ्यावर रागावले न्हाईत, ते दुकानात बिझी हाईत म्हणून लिहू?"

"एकही पत्रा दिला नाही मी," अच्युतराव खाल मानेनं म्हणाले.

"मग काय दिलात?"

"काहीच नाही."

"असं कसं?" सुशीलाबाई मध्येच म्हणाल्या. "मला गुण आला की!"

"तुम्ही थांबा, अक्का." तात्यारावांनी नजर हलवली नाही. "सर, एक सांगा. उत्तर कामून दिलं न्हाई?"

प्रश्न विचारून तात्याराव गप्प झाले. छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ते नुसते उभे राहिले. अच्युतरावांनी आयुष्यात शेकडो वेळा असं गप्प राहून पाहिलं होतं, पण त्याच्या समोरच्या बाजूला ते कधी बसले नव्हते. फार वाईट जागा होती ती. कुठंही बघितलं तरी प्रश्न तिथंच उभा. एक मिनिट गेलं. कण्हेरीच्या झाडानं काही मदत केली नाही. दुसरं मिनिट अर्धं गेलं असेल नसेल.

"तात्याराव," अच्युतराव म्हणाले, "मला भूमिती येत नव्हती."

"भूमिती कोण?" माणिकप्पानं गुरप्पाला हळूच विचारलं. गुरप्पा नेहमीप्रमाणं काही बोलला नाही.

"मग माझ्या पोराला शिकवलं कुणी?" तात्यारावांनी विचारलं.

"तोच शिकला. मी विचारायचो, तो सांगायचा. त्यानं जे सांगितलं ते मी पुढच्या तासाला दुसऱ्या तुकडीला शिकवायचो."

कुसुमताईंच्या हातातला ताकाचा पेला तसाच राहिला.

"मला वाटलं, खरं कळलं तर त्याला लाज वाटेल. आपण कुणाचं नाव घेत होतो म्हणून." अच्युतराव थांबले. तात्याराव अजून गप्पच होते, त्यामुळं त्यांना पुढं बोलावं लागलं. "नाही, तसंही नाही. लाज मला वाटत होती. मला कुणी असं पत्र लिहिलं नव्हतं, तात्याराव. खरं सांगितलं असतं तर ते पत्र माझं राहिलं नसतं."

तात्यारावांच्या मिशा हलल्या. राग असावा असं अच्युतरावांना वाटलं, पण तो राग नव्हता. तात्याराव हसू दाबत होते आणि ते त्यांना जमत नव्हतं.

"दुसऱ्या तुकडीला!" ते म्हणाले. "म्हणजे माझं पोरगं दहावीत मास्तर होतं म्हणा की! अन् फी आम्ही भरत होतो!" त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि सतरंजीवर बसकण मारली. "आता हे त्याला लिहा."

"हे? याच्यात त्याला काय मिळणार? त्याला यंत्राची पद्धत पाहिजे."

"मग ही काय हाय? त्यो म्हणतोय, मशीन माणसाला इचार करायला लावणारी पाहिजे. सरळ हाय. मशीननं इचारलं की माणूस इचार करतंय. मशीननं सांगितलं की माणूस मुंडी हालवतंय. तुम्हाला सांगता येत नव्हतं म्हणून तुम्ही इचारत गेलात. मी सातवी नापास हाय, मला कळायलंय. तुम्हाला कामून कळंना?"

एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या अच्युतरावांच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं. विचारणं आणि विचार. एकच शब्द. ते घाईनं उठले. "थांबा, व्युत्पत्ती बघतो."

"आता काही बघू नका," कुसुमताई दार अडवून म्हणाल्या. हा आवाज मात्र अच्युतरावांच्या ओळखीचा होता. "बसा आणि लिहा."

"कन्नडात पण विचारिसु म्हणजे चौकशी करणं," गुरुपादय्यांनी घड्याळ बघत सांगितलं. "दोन भाषांत जुळलं म्हणजे झालं. सव्वातीन वाजले." त्यांनी पिशवीतून एक कोरं अंतर्देशीय पत्र काढून पुढं केलं.

अच्युतरावांनी आशीर्वादाची ओळ लिहिली. ती सवयीनं सुंदर आली. पुढं लेखणी थांबली, तशी सगळी ओसरी मदतीला धावली.

"लिहा की, यंत्राशेजारी दूध ठेवायचं न्हाई," माणिकप्पा म्हणाला.

"एक बटण पाहिजे," गुरुपादय्या म्हणाले. "'तडी' म्हणून. तडी म्हणजे थांब. माणूस घाईनं बटणं दाबायला लागला की यंत्रानं म्हणायचं, तडी."

"यंत्राला गाड्यांचे आवाज ऐकू यायला पाहिजेत," सुशीलाबाई म्हणाल्या. "नुसती शांतता असली तर माणसाला कळायचं कसं, आपलं मन कुठं जातंय?"

"तुम्ही सगळे गप बसा," तात्याराव म्हणाले. "त्यांना गप बसूनच येतंय."

मग ओसरीवर कुणी बोललं नाही. गुरप्पानं सगळ्यांकडं अभिमानानं बघितलं. हे काम त्याला पहिल्यापासून येत होतं. आणि अच्युतरावांनी लिहिलं:

'चि. नरसिंग यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मला भूमिती येत नव्हती. मी गप्प राहायचो, ते उत्तर ठाऊक नसायचं म्हणून. पुस्तकं मिटायला लावायचो, ते माझं उघडं पुस्तक दिसू नये म्हणून. "बरोबर आहे का" हे मी खरंच तुम्हाला विचारत होतो. ही सगळी पद्धत.

तुझ्या यंत्राला पुष्कळ येत असणार, हीच त्यातली अडचण आहे. त्याला थोडं लाजाळू कर. कुणी प्रश्न घातला की त्यानं उत्तर देण्याची घाई करू नये. तो प्रश्न मोठ्या अक्षरात पडद्यावर ठेवावा, बाकी सगळं मिटून टाकावं, आणि चार मिनिटं खिडकीबाहेर बघावं. ते कसं बघेल, हे तू ठरव. तेवढ्या वेळात टिंग नको आणि पोपट नको. माणसानं काही लिहिलं तर "बरोबर आहे का?" एवढंच विचारावं आणि मनापासून वाट बघावी. मनापासून वाट कशी बघायची ते मी सांगू शकत नाही. मला ते घाबरल्यामुळं जमत होतं.

हे चार मिनिटांचं मी हल्ली घरी करून पाहिलं आहे. एक बाई उदगीरला गेल्या आणि एका गृहस्थांनी रेडिओ बंद केला. एकावर काय परिणाम झाला ते कळलं नाही.

गुरुपादय्या यांचं म्हणणं, "तडी" नावाचं बटण असावं. मला ते पटतं.

उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण वर पहिल्या ओळीत आहे. तू वर्गात दिलेली उत्तरं मी दुसऱ्या तुकडीत माझी म्हणून सांगत असे. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते.

तुझा,
अच्युतराव'

"वाचू?" गुरुपादय्यांनी हात पुढं केला.

"ते पाकिटासारखंच आहे," असं म्हणून अच्युतरावांनी कडा चिकटवल्या. गुरुपादय्या जरा हिरमुसले, पण नियम नियम होता.

पोस्टापर्यंत सगळीच माणसं निघाली. पुढं छत्री उगारून तात्याराव, मागं अच्युतराव, त्यांच्यामागं ताकाचे पेले हातात तसेच घेतलेली ओसरी. बाजारातल्या लोकांना वाटलं कुणाची तरी निवडणूक आहे. पेटीपाशी पोस्टमन अमृतप्पा किल्ली घेऊन उभा होता.

"सर, तुमचं पडलं की कुलूप काढतो," तो म्हणाला. "चारला दोन मिनिटं कमी हाईत."

अच्युतरावांनी पत्र फटीत घातलं. आणि धरून ठेवलं.

"काय झालं?" तात्यारावांनी विचारलं.

"'लाजाळू' लिहिलंय मी. यंत्राला 'लाजाळू' चालेल का? 'संकोची' बरं होतं. 'लाजाळू' म्हटलं की झाड डोळ्यासमोर येतं."

"येऊ द्या की."

"आणि 'बाकी सगळं मिटून टाकावं' म्हटलंय. म्हणजे यंत्रच बंद करायचं, असा कुणी अर्थ घेतला तर?"

"अच्युतराव, एक मिनिट राहिला," गुरुपादय्या म्हणाले.

"शिवाय बैठकीत हे मोठ्यानं वाचतील. पहिलीच ओळ वाचतील. बंगलोरच्या साहेबांसमोर. 'मला भूमिती येत नव्हती.'"

यावर कुणी काही बोललं नाही. तात्याराव बोलले नाहीत, कुसुमताई बोलल्या नाहीत, सुशीलाबाईसुद्धा बोलल्या नाहीत. स्टँडवर एक गाडी सुरू झाली आणि निघून गेली. ती कुठली होती ते सुशीलाबाईंनी सांगितलं नाही. सगळे नुसते अच्युतरावांच्या बोटांकडं बघत राहिले.

अच्युतरावांनी बोटं सोडली.

तात्यारावांनी वाकून फटीला डोळा लावला.

"गेलं," ते म्हणाले.